आलंच आता

डोंगर उतरताना, धापा टाकत वर येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाने "अजून किती राहिलंय?" असं विचारलं, तर तुम्ही त्याला खरं सांगता का?

नाही सांगत. एरवी पुण्यात कुणाला पत्ता विचारला तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, पण पत्ता बरोबर मिळतो. तोच माणूस रविवारी सकाळी बूट घालून गडाच्या वाटेला लागला की भलताच गोड होतो. "आलंच आता," म्हणतो. पायथ्याशी विचारा, मध्यावर विचारा, आलंच आता. नेहमी चढणाऱ्यांना हा रिवाज माहीत असतो, ते हसून पुढे जातात. जो पहिल्यांदा चढतो तो मात्र विश्वास ठेवतो.

माझे बाबा पहिल्यांदा चढत होते.

त्यांची उभी हयात कारखान्यात आणि कामगार संघटनेत गेली. आमच्या घरात पलंगाखाली, फडताळात, तांदळाच्या डब्यावर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकले. त्यांचे रविवार सभांमध्ये जायचे आणि गडाचा विषय निघाला की ते म्हणायचे, "गड कुठे पळून जातोय?" निवृत्त झाल्यावर एका हिवाळ्यात स्वतःच म्हणाले, "चल, हे शहर वरून कसं दिसतं ते बघू. खालून पुष्कळ बघून झालं."

विश्रांतवाडीहून बस बदलत आम्ही पायथ्याशी पोचलो. वाट लांब नाही, पण उभी आहे. मी आधी अनेकदा गेले होते. सुरुवातीला बाबा मजेत होते, ताकवालीशी गप्पा मारत, तिच्या गावचं पाणी कुठून येतं ते विचारत. मुरमाचा घसरडा टप्पा लागला तेव्हा ते एका खडकावर बसले. चेहरा राखेसारखा झाला होता आणि तळहाताने ते छाती चोळत होते.

"पित्त झालंय," म्हणाले. "सकाळचा तो चहा."

"बाबा, उतरू या."

तेवढ्यात वरून चार-पाच जणांचा घोळका आला. सगळ्यांचे टी-शर्ट एकसारखे. बाबांनी विचारलं, "किती राहिलंय हो?"

"काका, आलंच आता! हे वळण घेतलं की माथा."

"खोटं आहे," मी म्हणाले. "अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही. आणि यांच्या छातीत दुखतंय."

"अहो ताई, कशाला घाबरवताय त्यांना? घाम येणारच, डोंगर आहे."

"तुम्ही दमला असाल तर तुम्ही बसा की," मागून दुसरा म्हणाला. सगळे हसले. बाबाही हसले. एकाने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काका, हरायचं नाही!"

ज्या माणसाने आयुष्यभर संप केले, त्याला हे म्हणायचं?

बाबा उठले. मी हात धरला, त्यांनी सोडवून घेतला. "लोक सांगतायत ना? त्यांना माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार आहे?"

हाच त्यांचा स्वभाव. अनोळखी माणसांवर विश्वास ठेवल्याशिवाय संघटना बांधता येत नाही, असं ते सांगायचे. मोर्चात ते सर्वांत हळू चालणाऱ्याला सर्वांत पुढे ठेवत, म्हणजे कुणी मागे पडत नाही. या वाटेवर पुढे असतात ते घड्याळ लावून पळणारे, आणि मागे राहिलेल्याला मिळतं प्रोत्साहन. पुढच्या प्रत्येक वळणावर बाबा विचारत गेले आणि प्रत्येक वळणावर उत्तर तेच मिळालं. कुणी लिमलेटची गोळी दिली, कुणी टाळ्या वाजवल्या. "यांच्या छातीत कळ येतेय, चला, मी खाली सोडतो," असं एकही जण म्हणाला नाही.

ते माथ्यावर पोचले. हवा स्वच्छ होती. खाली धरणाचं पाणी चकाकत होतं, पलीकडे इमारतींची पांढरी रांग होती, तिच्यामागे डोंगरांच्या निळ्या कडा एकीमागे एक. बाबा कड्याजवळच्या दगडावर बसले, बराच वेळ बघत राहिले. "कारखान्याचं धुराडं कुठे असेल गं?" त्यांनी विचारलं. मी दिशा दाखवली. ते तिकडे वळले ते वळतच गेले, माझ्या अंगावर.

पिठलं-भाकरीच्या टपरीवरची बाज रिकामी करून तिच्यावरून त्यांना पलीकडून वर येणाऱ्या रस्त्यावरच्या एका गाडीपर्यंत नेलं. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "दुखायला लागलं तेव्हाच का नाही उतरलात?"

नंतर लोक भेटायला आले. "भाग्यवान हो," म्हणाले. "समोर एवढा सुंदर देखावा. असं मरण मागून मिळत नाही." मी प्रत्येकाला सांगितलं की बाबांनी मरण मागितलं नव्हतं, त्यांनी वाट किती उरली ते विचारलं होतं. काहींना राग आला. येऊ दे. देखावा उद्याही असतो. त्यासाठी माणसाच्या जिवाची किंमत मोजावी इतका तो मोठा नाही, आणि मेलेल्या माणसाच्या नशिबाचं कौतुक करून जिवंत माणसांची बेपर्वाई झाकली जात नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. येत्या रविवारी तुम्ही चढाल. वाटेत कुणी छातीवर हात ठेवून बसलेलं दिसलं तर टाळ्या वाजवू नका, लिमलेटची गोळी देऊ नका. पुढे किती चढण आहे ते खरं सांगा, त्याला आधार द्या, मदत बोलवा आणि मदत येईपर्यंत त्याच्यासोबत राहा. त्या दिवशी तुमचा माथा राहिला तर राहू द्या.