कॉकपिटमधली सुपारी

२०१४ साली मी ऑकलंडजवळच्या एका छोट्या विमानतळावर, जुनी लढाऊ जेट दुरुस्त करणाऱ्या हँगरमध्ये नोकरीला होतो. घरातला मी पहिला पदवीधर. पण इथला अनुभव नव्हता, म्हणून सात महिने कुणी दारात उभं केलं नाही. मनुरेवा या उपनगरात कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, दूध-ब्रेड विकत होतो. हँगरच्या मालकांनी दोन दिवस हाताखाली राबवून माझं काम बघितलं आणि मला घेतलं, व्हिसाच्या कागदांवर सह्या केल्या. ते पंचाहत्तरीचे. तरुणपणी हवाई दलात एका जातीचं जेट उडवलेलं. त्याच जातीचं भंगारात निघालेलं एक त्यांनी विकत घेतलं होतं आणि ते, मी आणि आणखी एक मेकॅनिक अशा तिघांनी तीन वर्षं खपून ते उभं केलं होतं.

पहिलं उड्डाण गुरुवारी ठरलं. शुक्रवारी त्यांचं विमान उडवायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र संपत होतं आणि हृदयाचं दुखणं असल्यामुळे नवं मिळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. या दोन दिवसांत उडाले तर उडाले, नंतर नाही.

त्या गुरुवारी खंडेनवमी होती. माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक. या दिवशी पान्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत. बायकोनं डब्याबरोबर पूजेचं सामान दिलं.

"मी आपले पाने-पकडच पुजतो," मी म्हणालो.

"अहो, पाने उडणार आहेत का? विमानाला करा. आणि तुमच्या मालक-आजोबांना पेढा द्या."

"साखर बंद आहे त्यांची."

"मग अर्धा द्या."

हँगरमध्ये कुणी यायच्या आत मी विमानाच्या नाकावर कुंकू लावलं आणि शिडी चढलो. कॉकपिटमध्ये सीटच्या कडेला विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी. हात जोडताना कोपर लागलं. सुपारी घरंगळून सीटमागच्या फटीत गेली आणि खाली कुठंतरी टक् वाजलं.

टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन अर्धा तास शोधली. दिसली नाही. सीटखालून विमान वळवायचे रॉड जातात. विमान हवेत तिरकं झालं की सुपारी तिथं अडकू शकली असती. कदाचित नसतीही. सीट काढल्याशिवाय कळणार नव्हतं. ती संकटात पायलटला बाहेर फेकणारी सीट, आत स्फोटक असलेली. ती काढायचा परवाना असलेला माणूस दक्षिण बेटावर राहायचा.

मालक फ्लाइंग सूट घालून आले. सूट पोटावर घट्ट झाला होता.

"किया ओरा! स्वीट ॲज?" नमस्कार, सगळं झकास ना, असं ते रोजच विचारत.

मी नाही म्हणालो. काय झालं ते सांगितलं. सुपारी म्हणजे काय, तेही सांगावं लागलं.

"केवढी?"

मी अंगठा आणि बोट जुळवून दाखवलं.

"कडक?"

"दगडासारखी."

ते शिडीच्या पायरीवर बसले. "तू बोलला नसतास तर मी उडालो असतो."

"हो."

"देवाला दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे पंचाईतच." ते हसले नाहीत. "लाव त्याला फोन."

मी फोन लावला. तो सोमवारी येतो म्हणाला. मी वहीत लिहून घेतलं, विमानाच्या नाकावरचं कुंकू पुसलं, मग डबा उघडून जेवलो. भाजी कशाची होती, सांगता येणार नाही. रडू आलं नाही, रागही नाही. संध्याकाळी बायकोनं विचारलं, उडालं का? मी नाही म्हणालो आणि बूट काढले.

सोमवारी सीट निघाली. सुपारी एका रॉडला टेकून होती.

त्याच आठवड्यात शनिवारी बाहेरून बोलावलेल्या एका तरुण पायलटनं विमान उडवलं. मालक कानांवर मफ लावून माझ्याशेजारी गवतात उभे होते. विमान उचललं गेलं.

"चाकं नीट आत गेली," ते म्हणाले. चाकांचं काम माझं होतं.

विमान लवकरच उतरलं. पायलट शिडीवरून खाली येत असतानाच त्यांनी विचारलं, "डावीकडं ओढतंय?"

"थोडंसं."

"सोमवारी बघ," ते मला म्हणाले.

विमान आत ढकलायला माणसं कमी होती. ते डाव्या पंखाला लागले, मी उजव्या. मध्ये विमान होतं. त्यांचा चेहरा दिसत नव्हता आणि मी वाकूनही पाहिलं नाही.