वाकड्या दांड्याचं ओगराळं

"हात बाहेर!"

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पूजेच्या जेवणाला कुणी पाण्याच्या पिंपात पेला बुडवायला गेलं, की मागून ही डरकाळी यायची. एकदा तर अध्यक्षांच्या हातातला पेला पिंपातच पडला. डरकाळी शेजारच्या डॉक्टरीणबाईंची. निवृत्त झाल्या होत्या म्हणे. कशातून, ते देव जाणे.

दर रविवारी त्या माझ्या गाडीतून खडकवासल्याच्या मागच्या डोंगरातल्या कातकरी पाड्यावर जायच्या. माझी परवानगी? छे! "अहो बँकवाले, पेपर नंतर वाचा. बातम्या पळून जात नाहीत."

धरणाचं पाणी आपण पुणेकर शॉवरने उडवतो, आणि पाड्यावर ओढ्यात खड्डा खणून पितात. तिथल्या कमळचं पहिलं मूल जुलाबाने गेलं होतं. दुसरी मुलगी नुकती रांगायला लागली होती आणि पाऊस तोंडावर आला होता. ही तरी जगली पाहिजे, एवढाच बाईंचा हट्ट. "पाणी उकळ, पोरीची शी काढलीस की साबणाने हात धू, आणि माठात हात घालू नकोस!"

त्यासाठी लांब दांड्याची ओगराळी वाटायची. ती आणायची कुठून? पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापणाऱ्या वरमाईकडे बाई उलटा आहेर मागायच्या. भरपेट जेवून वर ओगराळं घेऊन निघायच्या, मागे मी, मान खाली घालून.

त्यातलं एक कमळला दिलं. पुढच्या रविवारी पाहतो तर तिच्या झोपडीत ओगराळं भिंतीवर चकाकतंय आणि तिचा हात कोपरापर्यंत माठात.

"एवढं झ्याक भांडं पाण्यात कशाला घालू? पावनं आलं की कालवण वाढाया काढीन."

बाईंनी दगड घेतला, दांडा ठोकून पार वाकडा केला आणि ओगराळं माठाच्या काठाला अडकवलं. "आता वाढ कालवण!"

"म्हातारीला येड लागलंय," कमळ माझ्या कानात म्हणाली. मी मान डोलावली.

त्या पावसाळ्यात मुलीला जुलाब झालेच. पण बाईंनी शिकवल्याप्रमाणे कमळने मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्याने पाजत ठेवलं. पोरगी तगली. परतताना बाई गाडीत ढसाढसा रडल्या. मी बघतोय म्हटल्यावर म्हणाल्या, "समोर बघून चालवा."

यंदा बाई गेल्या. कमळ पोरीला घेऊन त्यांच्या घरी आली आणि फोटोपुढे बसून तिने हंबरडाच फोडला. मला काय करावं सुचेना. निदान पाणी द्यावं म्हणून पेला घेतला आणि बाईंच्या माठावरचं झाकण काढलं.

हुंदका अर्ध्यावर थांबला.

"हात भाईर!" कमळ ओरडली, आणि पुन्हा रडायला लागली.