नोरीनचे सहा झुरके

नोरीन टकवेलने तीस वर्षं मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना रांधून घातलं. सकाळी सहाला चॉप्स, दहाला चहाबरोबर स्कोन, बाराला पुन्हा मटण, आणि स्वतःला दिवसाला चाळीस सिगारेटी. स्ट्यूत राख पडते अशी एका गड्याने तक्रार केली, तर हिने त्याला आठवडाभर बिनराखेचा आणि बिनमटणाचा स्ट्यू वाढला. अशा बाईला मी, कुराबिनच्या वृद्धाश्रमातली नर्स, औषध देताना दिवसातून चार वेळा विचारायचे, "नाव काय? जन्मतारीख?"

सिगारेट सुटली ती बहिणीपायी. थोरली व्हॅल फुप्फुसं निकामी होऊन आमच्याकडेच आली, सात नंबरच्या खोलीत, नाकात ऑक्सिजनची नळी. धुराचा नुसता वास आला तरी तिला उबळ येऊन ओठ निळे पडत. म्हणून नोरीन दारात आली की व्हॅल आधी तिचा हात हुंगायची. वास आला की मान हलवायची, आणि नोरीन तशीच माघारी. महिनाभर हे चाललं. मग एक्क्याऐंशीव्या वर्षी बाईने व्हेप, म्हणजे धुराऐवजी निकोटिनची वाफ देणारी नळी, धरलं आणि चाळिसावरून थेट शून्यावर आली. व्हॅल दुपारी दोन ते चार तेवढी जागी असे. त्या दोन तासांत दोघी पत्ते खेळत आणि एकमेकींना लबाड म्हणत.

राजधानीत, कॅनबेरात, मात्र वर्षभर वाद चालला होता की ही वस्तू औषध की व्यसन. एक जण टीव्हीवर सांगायचा, औषध ठरवा, म्हणजे शाळकरी पोरांच्या हाती लागणार नाही. दुसरा सांगायचा, मग काळ्या बाजारात मिळेल. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. जुलैत कायदा झाला आणि व्हेप औषध झालं. आमच्याकडे औषध म्हाताऱ्यांच्या खिशात राहत नाही. ते कुलपाच्या ढकलगाडीत जातं, चार्टवर चढतं, आणि नर्ससमोरच घ्यावं लागतं.

नोरीनच्या चार्टवर लिहून आलं, सहा झुरके, दिवसातून चार वेळा, जेवणानंतर.

"पण घ्यायचं कुठे?" मी आमच्या मॅनेजर फिलिपाला विचारलं. "औषध इमारतीच्या आतच द्यायचं, आणि वाफ आत सोडायची नाही."

फिलिपाने दोन्ही नियम पुन्हा वाचले. "आत ओढायचं, बाहेर सोडायचं."

त्यामुळे जुलैच्या ऐन थंडीत मी खिडकी उघडायचे, नोरीन आत झुरका घ्यायची, मग डोकं बाहेर काढून सोडायची, आणि ती पडू नये म्हणून मी तिचा स्वेटर मागून धरून मोजायचे.

"सहा. बस."

"अगं पोरी, पाचवा अर्धाच होता!"

"अर्ध्या झुरक्याला रकाना नाही."

"तुझ्या रकान्यात मेंढी घाल!"

समोर अंगणात सिगारेटवाल्यांची शेड होती. तिथे दिवसभर कुणीही बसावं, नाव नाही, जन्मतारीख नाही. सिगारेट औषध नव्हे, त्यामुळे तिचं पाकीट खुशाल खिशात बाळगता येई. मिनीबसचा ड्रायव्हर दुकानातून आणूनही द्यायचा.

शुक्रवारी नोरीनच्या व्हेपची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी संपली. डॉक्टर हॅलोरन पंधरवड्यातून एकदा येणार आणि ते परवाच येऊन गेले होते. फोन केला तर त्यांची मदतनीस म्हणाली, तातडीचं काही नसेल तर पुढच्या फेरीला. मी चार्टवर 'उपलब्ध नाही' लिहीत गेले. 'उपलब्ध नाही' लिहिलं की पुढे कुणी काही करायचं नसतं.

रविवारी दुपारी नोरीन माझ्या ढकलगाडीपाशी आली. हातात सिगारेटचं कोरं पाकीट.

"हे कुलपात ठेव. माझ्याजवळ राहिलं तर आज मी ओढीन."

"कुलपात फक्त औषधं, नोरीन. हे औषध नाही."

"मग औषध म्हणून लिही ना! मला विचार, मी नाही म्हणेन. तुमच्या त्या कागदावर काय लिहिलंय, तीनदा नाही म्हटलं की काय?"

कागद भिंतीवर होता. कोणतंही औषध लागोपाठ तीन वेळा नाकारलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांनी दखल घ्यायची. मला इतका राग साठला होता की मी पेन काढलं आणि चार्टवर लिहिलं, 'सिगारेट, एक, जेवणानंतर.' मग पाकीट कुलपात गेलं.

त्याच दुपारी मी गोळ्यांच्या छोट्या कपात सिगारेट उभी करून नेली. नाव, जन्मतारीख. नाकारली. संध्याकाळीही नाकारली. सोमवारी सकाळी मात्र तिचा हात कपापर्यंत आला. बोटं सिगारेटला लागली. तेव्हा मी खरंच घाबरले होते, हा पोरखेळ मीच मांडला होता.

"नको," ती पुटपुटली.

"स्पष्ट म्हणावं लागतं, नोरीन."

"नको म्हटलं ना, भवाने!"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते कडाडले, "सिगारेट लिहून कोणी दिली?"

"कोणीच नाही. पण तिने तीनदा नाकारली आहे. नियमाप्रमाणे कळवतेय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "हिचं व्हेप कुठंय?"

"चिठ्ठी संपलीय."

चिठ्ठी अकरा वाजता आली. फार्मसीची गाडी संध्याकाळी येणार होती. फिलिपाने मला औषध-सुरक्षेच्या दोन तासांच्या प्रशिक्षणाला बसवलं, ते मला मान्यच आहे.

दोन वाजता नोरीन सात नंबरच्या दारात उभी राहिली. मी मागे होते. व्हॅलने हात हुंगला, पुन्हा हुंगला.

"तंबाखू आहे."

"हातात घेतली होती."

"ओढलीस?"

"नाही."

व्हॅलने तिच्याकडे पाहिलं. तिला लागोपाठ बोलायला श्वास पुरत नसे. "बस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वाट."

नोरीन पत्ते वाटायला लागली. हात असे कापत होते की निम्मे पत्ते पांघरुणावर उताणे पडले, आणि व्हॅलने ते सगळे नीट पाहून घेतले.