खंडेनवमीला बंद झालेला सर्व्हर

तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यात साच्यांची सगळी ड्रॉइंग्ज एका लिनक्स सर्व्हरवर होती. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद. सर्व्हर सुरू होताना एकदाच पासफ्रेज, म्हणजे लांबलचक पासवर्ड, मागायचा, मग बंद होईपर्यंत काही विचारायचा नाही. पावसाळ्यात मी तो पासफ्रेज बदलला, कुठेही लिहून ठेवला नाही आणि विसरलो.

सर्व्हर चालू होता, म्हणून कुणाला कळलं नाही. चालू असेपर्यंत डिस्कची चावी त्याच्या मेमरीत असते. सर्व्हर मीच सांभाळायचो, रूटचे म्हणजे सगळे अधिकार माझ्याकडे होते. ती चावी काढून नवा पासफ्रेज लावता आला असता. चालत्या डिस्कवर हात घालायची मला भीती वाटायची. निदान ड्रॉइंग्ज दुसरीकडे उतरवून ठेवायची, तर तेही उद्यावर टाकत राहिलो. वीज गेली की यूपीएसची पीं-पीं ऐकत मी टेबलाची कड घट्ट धरून बसायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद करून, पुसून त्यांची पूजा करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी हळदकुंकवाचं ताट घेऊन सर्व्हरपाशी आल्या. मागे मालक उभे होते.

“साहेब, याला पन बंद करू ना? वर्षभर घरघरतोय बिचारा, येक दिस झोपू दे त्याला.”

मालक हसले. “विचारताय काय, मावशी? करा.” मग माझ्याकडे वळून, “पासफ्रेज आहे ना रे?”

“हो, सर.”

मावशी माझ्याकडेच बघत थांबल्या होत्या. मी मान हलवली. त्यांनी बटण दाबून धरलं. घरघर थांबली. त्यांनी त्या काळ्या डब्याला झेंडूची माळ घातली, आणि मी सगळ्यांबरोबर हात जोडले.

दसऱ्यानंतर दोन दिवस मी सुचेल ते टाइप करून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, “मावशींनी थेट बटण दाबलं, सर. डिस्क बिघडली.”

डिस्क धडधाकट होती. अजून माझ्या खणात आहे.

दिवाळीच्या आधी मावशींना कामावरून काढलं. जेवणाचा डबा पिशवीत घालून त्या गेटपाशी माझी वाट बघत होत्या.

“साहेब, माज्या हातानं नक्की काय मोडलं?”

“जाऊ द्या, मावशी,” मी म्हणालो. “होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका.”