झालरीचा टब

मिरजोळ्याच्या ज्या दुकानात मी साधा नळ घ्यायला गेलो होतो, तिथे बाथटबांना रोमन सम्राटांची नावं होती. त्यांतल्या सर्वांत मोठ्या, सिंहाच्या पायांवर उभ्या असलेल्या सम्राटाच्या खाली एक आजी ओणव्या होऊन पाहत होत्या. सोबत मुंबईहून आलेला मुलगा होता.

"हा नको. खाली जनावर बसेल," त्या म्हणाल्या.

विक्रेता घाटावरचा असावा. "आजी, बाथरूममध्ये गुरं कशी येतील?"

"अरे मेल्या, लांबडं!" आजींनी मनगट हवेत वळवळतं फिरवलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत.

गेल्या मे महिन्यात न्हाणीत तसं एक निघालं आणि नात दुसऱ्याच दिवशी मुंबईला परतली, हे त्यांनी मी न विचारताच मला सांगितलं. आता नवी, टबाची बाथरूम झाली तरच ती येणार होती.

मग विक्रेत्याने पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद करणारी टणक झालर असलेला टब दाखवला. बाकीच्या तिन्ही बाजू भिंतीला चिकटणार होत्या. आजींनी फणस पारखावा तशी झालर बोटांनी वाजवली. खालच्या फटीत करंगळी घालून पाहिली. ती शिरली नाही, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"हाच."

"आई, पोरगी येणार चार दिवस," मुलगा म्हणाला. "बाकी वर्षभर हा रिकामाच राहणार."

"वरच्या खोल्या राहतात तसा राहील," आजी म्हणाल्या. "पुसून ठेवीन."