ऑर्किडचा खोडवा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. पारावरच्या दोस्तांना नाही, देवाला नाही – त्याला ठाऊक असणार, पण त्यानं विषय काढला नाही म्हणून मीही गप्प बसलो. तुम्ही घरचे म्हणून सांगतो. हसू नका. बरं, हसा.

माझी बायको सुमन अंगणवाडीतून निवृत्त झाली, तेव्हा तिच्याकडं शिकलेल्या पोरींनी तिला ऑर्किडची कुंडी दिली. दांड्यावर फुलपाखरं बसावीत तशी जांभळी फुलं. तिला जन्मात कुणी फुलझाड दिलं नव्हतं – मी तर नाहीच. ती त्याच्याशी बोलायची. माझ्याशी बोलते त्याहून गोड.

मग फुलं गळाली, आणि नेमकं तेव्हाच तिला लेकीच्या बाळंतपणाला सुप्याला जावं लागलं. निघताना म्हणाली, "अहो, फुलं गळली म्हंजी झाड मेलं न्हाई. पुन्यांदा फुलतं ते. तुमी फकस्त कायबी करू नका."

कायबी करू नका! जन्मभर ऊस पिकवलेल्या माणसाला हे जमतं का? ऊस तुटला की आम्ही बुडखे जमिनीलगत छाटतो, शेणखत घालतो, पाणी भरतो – तोच ऊस पुन्हा फुटतो. त्याला खोडवा म्हणतात. मग ऑर्किडनं काय घोडं मारलं होतं? कुंडीत बघतो तर मातीच नाही! कोळसा आणि झाडाच्या साली. मुळं बाहेर लोंबतायत. श्रीरामपूरच्या नर्सरीवाल्यानं पोरींना फसवलं म्हणून त्याला शिव्या घातल्या, आणि दांडा छाटला, पानं छाटली, काळी माती भरली, वर शेणखत. पाणी दिलं ते उसाला देतो तसंच.

ते कुजलं. वास सुटला.

आता – इथवर नुसता अडाणीपणा. त्याची कबुली कशाला लागते? पुढचं ऐका. आमची चंद्री नावाची शेळी होती, मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. सुमन येणार त्या सकाळी ते कुजकं खोड मी पुराव्यासाठी चंद्रीपुढं टाकलं. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. तरी मी सुमनला सांगितलं, चंद्रीनं खाल्लं.

सुमन ओरडली नाही. रिकामी कुंडी घेऊन ओट्यावर बसली आणि पदरानं डोळे पुसत राहिली. तेव्हा तरी सांगावं की नाही? नाही सांगितलं. मग तिनं चंद्रीला शेवगावला आपल्या भावाकडं धाडली. टेम्पोत चढवताना चंद्री माझाच हात चाटत होती. फार लाज वाटली – आणि मी दोर सोडला.

यंदा लेकीनं आईला नवं ऑर्किड आणलं. परवा त्याचीही फुलं गळाली. काल सुमन भावाकडं निघाली, तर कुंडी मांडीवर घेऊन एसटीत बसली. मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "अगं, घरी ऱ्हाऊ दे की. तितं चंद्री हाय. खाईल ती."

सुमननं माझ्याकडं बघितलं. "ती न्हाई खात," म्हणाली.

गाडी सुटायला अजून वेळ होता. मला बोलता आलं असतं. मी नुसता हात हलवत उभा राहिलो.