मामींनी न सांगितलेली बातमी

नवऱ्याला चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून चेन्नईला, वेस्ट मांबलमला आलो. माझ्या सदराचं काय होणार, अशी संपादकांना चिंता. पर्यावरणाची धोरणं कागदावरच कशी हिरवीगार असतात आणि वर्तमानपत्रं त्यातलं काय दडपतात, यावर मी दर रविवारी तोंडसुख घेत असे. मी त्यांना म्हटलं, चिंता नको, इथेही कारखाने आहेत, तळी आहेत, वर्तमानपत्रं आहेत. ती वर्तमानपत्रं तमिळ आहेत आणि मला त्यातलं एक अक्षर येत नाही, एवढं सांगायचं टाळलं.

तळमजल्यावरच्या मामींनी माझी लाज राखली. मामी तंजावरकडच्या मराठी, निवृत्त शिक्षिका. रोज सकाळी त्या तमिळ पेपर उघडून एकेक बातमी आपल्या जुन्या वळणाच्या मराठीत सांगत आणि मी कॉफी पीत वहीत उतरवून घेत असे. वाचकांना वाटे, बाईंचा काय अभ्यास आहे. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं.

अंबत्तूरच्या तळ्यात एका कारखान्याचं पाणी सुटलंय, असं आमच्या इस्त्रीवाल्याने मोडक्या हिंदीत सांगितलं. धातूला मुलामा देणारा कारखाना. मी जाऊन पाहिलं तर काठाला मेलेले मासे लागलेले आणि नाक धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. मग आठवडाभर मामींच्या पेपरात त्या बातमीची वाट पाहिली. सोन्याचा भाव आला, नटाचं लग्न आलं, तळं काही येईना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तमिळ पत्रकारांची नाकं गहाण पडली आहेत काय, असा लेख मी ठोकून दिला.

सोमवारी माझ्या नवऱ्याच्याच कारखान्यातल्या, तमिळ शिकलेल्या एका नागपूरच्या तरुण इंजिनिअरने चार कात्रणांचे फोटो पाठवले. मामींचाच पेपर. खाली लिहिलं होतं, "ताई, सलग चार दिवस पहिल्या पानावर आहे. तुम्ही नक्की कुठला पेपर वाचता?"

मी तशीच खाली गेले.

"होती की गे बातमी," मामी शांतपणे म्हणाल्या. "मी वाचली. तुला सांगितली नाही."

"का पण?"

"माझा लेक त्याच कारखान्यात कामाला आहे."

"मामी, हा पक्षपात झाला."

"झाला की. तुझ्या नवऱ्याच्या कारखान्यावर तू कधी लिहिलीस गे?"

मी कॉफी प्यायले.

पुढच्या रविवारी कबुली छापावी लागली: मला तमिळ वाचता येत नाही, माझा सगळा अभ्यास ऐकीव होता. मामींचं नाव मी काढलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका वाचकाने बालवाडीचं तमिळ अंकलिपीचं पुस्तक पोस्टाने पाठवलं. संपादकांनी सांगितलं, वाचायला शिका, नाहीतर सदर बंद.

शिकवायला मामीच बसल्या. चूक झाली की टेबलावर पट्टी आपटत. पन्नाशीत मी पुन्हा गृहपाठ करू लागले आणि तोही इस्त्रीवाल्याकडून लपूनछपून तपासून घेऊ लागले.

काही महिन्यांनी मी मामींना पेपर वाचून दाखवू लागले. अशाच एका सकाळी त्या सांबारासाठी छोटे कांदे सोलत होत्या आणि त्यांचा लेक कामावर जायला दाराशी बूट घालत होता. मी अक्षर लावत लावत पहिल्या पानावरची एक बातमी मनात वाचली. अंबत्तूरचा तो कारखाना बंद करण्याचा हुकूम निघाला होता. इतके दिवस मी याचसाठी भांडत होते, पण त्याच्या बुटांकडे पाहून मी सरळ सोन्याच्या भावावर गेले.

"थांब," मामी म्हणाल्या. त्यांनी कांद्यावरची नजर काढली नाही. "वरची राहिली."

"कुठली?"

"पहाटेच वाचली आहे मी. आता तू वाच. मोठ्यानं."

मी वाचली. मामींनी माझे दोन उच्चार सुधारले. त्यांच्या लेकाने बूट काढले आणि तो आत येऊन बसला.